सैपाकघराची काळी भिंत

अकोल्यात आमच्या शेजारी राहणारे ते गृहस्थ शेतकी कॉलेजात आंबवण्याच्या क्रियेवर संशोधन करत. कोणी काहीही सांगितलं की मान तिरकी करून विचारत, "याले पुरावा काय?" देव, भूत, पुढारी, कोणालाच त्यातून सूट नव्हती.

शिकायला ते जपानला जाऊन आले होते. तेव्हापासून कोणाच्याही घरात शिरले की आधी आढ्याकडे पाहत आणि खोल श्वास घेत. तिकडे त्यांनी सोयाबीन आंबवायचं एक फार जुनं लाकडी कोठार पाहिलं होतं. त्याच्या तुळया काळ्याकुट्ट झालेल्या, पण मालक त्या कोणाला धुऊ देत नसे. आंबवणारे जीव त्या लाकडातच वस्तीला असतात, असं ते सांगत.

त्यांची बायको गेली. दहावं झाल्यावर शेजारच्या बाया रीतीप्रमाणे घर पोतारायला आल्या. बाकी खोल्या चुन्याने पांढऱ्या झाल्या. सैपाकघराच्या दारात मात्र ते हात आडवा धरून उभे राहिले.

"इथं नाई. इथं तिचं विरजण हाय."

बाया चुन्याच्या बादल्या उचलून परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाटी घेऊन आमच्याकडे आले. विरजण न घालता नुसतं दूध त्यांनी सैपाकघराच्या धुराने काळ्या झालेल्या भिंतीपाशी रात्रभर ठेवलं होतं.

"लागलं पाहा, भाऊ. तिच्याच हातचं हाय. चाखा."

दही पाणचट होतं आणि कडवटही. ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. पुरावा मागायचा असतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी वाटी चाटूनपुसून संपवली.