न मोडणारी भाकरी

रेवा पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आली तेव्हा तिने नमस्कार केला नाही की ती हसली नाही. सरळ ओट्यापाशी गेली, माझी हिंगाची डबी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरून बारीक अक्षरं वाचायला लागली. मी म्हटलं, ही कोण तपासनीस आली? वाचून झाल्यावर डबी जागच्या जागी ठेवून म्हणाली, "आजी, तुमच्या हिंगात गहू आहे."

मला हसूच आलं. जन्मभर फोडणीत हिंग घातला, आणि त्यात म्हणे गहू! पण सुनेने वाचून दाखवलं तर खरंच होतं. नुसता हिंग फार उग्र, म्हणून त्यात गव्हाचं पीठ मिसळून विकतात. त्या दिवसापासून आमच्याकडे बिनगव्हाचा हिंग येऊ लागला आणि रेवाही येऊ लागली.

जर्मनीत, बॉबलिंगेनला, आमच्या खालच्या मजल्यावर ती राहायची. बाबा निखिल, माझ्या मुलासारखाच गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. आई मानसी घरून कॉम्प्युटरचं काम करायची. रेवाला सीलिअ‍ॅक. म्हणजे गव्हात जो चिकटपणा असतो ना, ग्लुटेन म्हणतात तो, तिच्या आतड्याला सोसत नाही. एक घास पोटात गेला तरी आतड्याचं अस्तर झिजतं, आणि मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. औषध काही नाही, पथ्य हेच औषध. चौदा वर्षांची मुलगी, पण दिसायची दहाची. मनगटं अशी की बांगडी कोपरापर्यंत सरकावी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वाढीची हीच काय ती दोन-तीन वर्षं आहेत, ती नीट सांभाळा, उंची भरून निघेल.

पोरीला दुसरं काही नकोच होतं. वर्गाच्या फोटोत तिला दरवेळी पुढे, खाली बसवायचे. वर आली की आधी माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहायची. मी काही ताडमाड नाही, तरी ती माझ्या खांद्यापाशीच. घरी जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, पण मला जर्मन येत नाही म्हटल्यावर माझ्याशी मराठीच बोलावं लागे, आणि ती आपली शब्द वेचून वेचून, खडे काढलेल्या तांदळासारखं स्वच्छ बोलायची.

भाकरी ती माझ्याकडे शिकली. पाकिटावर गव्हाच्या ओंबीवर काट मारलेलं चिन्ह पाहून मानसी ज्वारीचं पीठ आणायची, मी थापायची, रेवा परातीवर वाकून बघायची. पहिल्या भाकरीच्या कडा चिरल्या तेव्हा मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "नाही आजी, गेनाऊ, अगदी असंच पाहिजे. ग्लुटेन म्हणजे डिंक. डिंक नाही म्हणून मोडते. मोडते ती माझी."

गणपतीत मंडळाच्या बायका प्रसादाचा शिरा घेऊन यायच्या. ही द्रोणाला हात जोडायची आणि घ्यायची नाही. एक जण म्हणाली, अगं, प्रसादाने काही होत नाही, इवलासा घे. रेवा मला नंतर म्हणाली, "बाप्पा रागावत नाही. काकू रागावतात." कुठलाही पदार्थ पुढे आला की तिचा एकच प्रश्न, "श्पुरेन?" म्हणजे यात गव्हाचा काही अंश, काही लवलेश? लोकांना ते आगाऊपणाचं वाटायचं. मला तर ती रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणाऱ्या लेकरासारखी वाटायची.

आणि गुण आला, बरं का. वर्षभरात पोर माझ्या कानाशी आली. गालांवर मांस आलं, रक्ताचे रिपोर्ट सुधारले. त्या वर्षीच्या फोटोत उभी राहिली, मागच्या नाही पण मधल्या रांगेत. तो फोटो तिने आधी वर आणून मला दाखवला.

मग साताऱ्याहून तिची आजी आली, निखिलची आई. तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगते. नातीची मनगटं हातात घेऊन रडली होती ती. पण तिचं ठाम मत होतं, गव्हाशिवाय पोर वाढणार कशी? "ताई," मला म्हणाली, "आपण चार पोरं वाढवली, कुणाला झाला का हा आजार? ही सगळी इथली थेरं." मी माझ्या परीने समजावलं. तिने मान डोलावली आणि भाकऱ्यांचं काम स्वतःकडे घेतलं. नातीसाठी रोज गरम भाकरी दुधात कुस्करून, साखर घालून, वाटी हातात द्यायची. रेवाला तेव्हा किती आनंद झाला होता. मला जिन्यात सांगितलं, "साताऱ्याची आजी माझ्यासाठी वेगळं करते."

काही आठवड्यांतच पोर उतरायला लागली. तोंड आलं, शाळेतून आली की आडवी व्हायची, पोट धरून बसायची. रक्त तपासलं तर आकडे पुन्हा चढलेले. डॉक्टरीणबाईंनी नम्रपणे विचारलं, मुलीचं बाहेर काही खाणं होतं का? या वयात मुलं खातात चोरून. झालं. निखिलची खात्रीच पटली. मैत्रिणींबरोबर पिझ्झा खातेस, वर खोटं बोलतेस, म्हणून तिचा फोन काढून घेतला, वर्गाच्या सहलीतून तिचं नाव काढून टाकलं. रेवा शपथा घेत होती. एका दुपारी वर आली, पाठीला पाठ लावायला नाही, नुसतीच खुर्चीत बसली. "तुम्हाला पण वाटतं, मी खोटं बोलते?"

मी म्हटलं, नाही गं बाई.

"मग कुठून येतं ते?" म्हणाली. "मी सगळं वाचते. सगळं."

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी पाहुणी आलेली, म्हणून भाकरी दुधात कुस्करलेली नव्हती. सकाळीच करून ठेवलेल्या अख्ख्या भाकऱ्या ताटात होत्या, गार झालेल्या. रेवाने तिची भाकरी उचलली, दुमडली. मोडली नाही. पुन्हा दुमडली, रुमालाच्या घडीसारखी. उघडली. कुठे चीर म्हणून नाही. ज्वारीची गार भाकरी अशी वागत नाही, हे मला जितकं कळत होतं तितकंच त्या पोरीलाही.

तिने भाकरी टेबलाच्या मधोमध ठेवली. साताऱ्याची आजीच बोलली, काही न लपवता, जरा अभिमानानेच. मूठभरच कणीक घालते, म्हणाली, त्याने काही होतं का? अंगात ताकद नको?

निखिल ताटाकडे बघत राहिला. मला वाटलं, रेवा आता आजीवर ओरडेल. पण ती आजीकडे बघतही नव्हती. आईकडे बघत होती. आणि तिने मराठीत विचारलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"तुला माहीत होतं?"

मानसी म्हणाली, "मी आईंना दोनदा सांगितलं होतं गं. ऐकेनात. मग म्हटलं, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"आजीला कळत नव्हतं," रेवा म्हणाली. "तुला कळत होतं. बाबा मला खोटारडी म्हणाले, तेव्हा तू भाजी वाढत होतीस."

एवढंच. उठली, हात धुतले, खोलीत गेली. दार आपटलंसुद्धा नाही.

साताऱ्याची आजी परत गेली आणि सुनेने-नातीने अपमान केला म्हणून गावभर सांगत राहिली. निखिलने फोन परत दिला, वर नवाही घेऊन दिला. चुकलो म्हणाला नाही. आणि रेवाने, पंधराव्या वर्षी, घरातल्या घरात आपला संसार वेगळा मांडला. तिचा तवा वेगळा, कपाटाला कुलूप, पिठं सीलबंद. जेवायला सगळ्यांबरोबर बसायची, पण ताटात तिने स्वतः रांधलेलं. मानसीने नवी भांडी आणली, कणीक घरातून पार हद्दपार केली, स्वतः पोळी सोडली. निखिललाही घरात भातच. पोर "डांके" म्हणून आभार मानायची आणि स्वतःच्या पातेल्यातलं वाढून घ्यायची.

माझ्याकडेही खाणं बंद केलं तिने. मला लागलं ते, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, अगं, माझ्यावरसुद्धा? तर म्हणाली, "तुमच्यावर विश्वास आहे, आजी. पण नको." यायची, बसायची, भाकऱ्या थापून द्यायची माझ्या. खायची नाही.

तब्येत म्हणाल तर छान सुधारली. पथ्य स्वतःच्या हातात आल्यावर ती चूक होऊ देणारच नव्हती. उंच झाली, माझ्या डोक्याच्या वर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतडं अगदी नव्यासारखं आहे. मानसीने ते मला जिन्यात सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागली. मी ती भाकरी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मानसी वाईट आई होती का? नव्हती. सासूपुढे मान खाली घालायची सवय असलेली एक दमलेली बाई होती. पण त्याची भरपाई लेकीच्या पोटाने का करावी?

गेल्या शरदात रेवा कोलोनला शिकायला गेली. आहारशास्त्रच घेतलंय. आईला म्हणाली, स्टेशनवर येऊ नकोस, मला रडायचं नाहीये. मी रोज स्टेशनपर्यंत चालायला जातेच, म्हणून तिच्याबरोबर निघाले. दारात मानसीने तिच्या हातात डबा दिला. राजगिऱ्याचे लाडू. त्यासाठी कढई नवी आणलेली, उलथनं नवं, गूळ-राजगिरा दोन्ही पाकिटांवरचं लेकीला आधी वाचायला लावलेलं. रेवाने डबा घेतला, आईला मिठी मारली, बराच वेळ मारली.

फलाटावर गाडी यायच्या आत तिने पिशवीतून तो डबा काढला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

"आजी, तुम्ही खा. मी प्रयत्न केला आहे, खूप वेळा. घशाखाली जात नाही." मग म्हणाली, "आईला सांगू नका."

घरी येऊन मी एक लाडू खाल्ला. खुसखुशीत, वेलची बेताची, गोडही बेताचा. गव्हाचा लवलेश नाही. असा लाडू मला या जन्मात जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी मानसी वर आली. उगाच इकडचं तिकडचं बोलली, मग विचारलं, "काकू, रेवाचा काही फोन? लाडवांचं काही म्हणाली का?"

मी म्हटलं, छान झाले होते.

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "मग या वेळी जरा जास्त करते," म्हणाली. "तुमचा मुलगा पुढच्या आठवड्यात कामाला कोलोनला जाणार आहे ना? त्याच्याबरोबर पाठवते."

मी म्हटलं, दे.