गोठ्यातली फळी

नव्या घराला उंबरा ठेवायचा नाही, हे मीच ठरवलं होतं. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्या वॉकर ढकलत चालतात, आणि ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. म्हणून घरातली आणि ओटीवरची फरशी मी एका पातळीत घ्यायला लावली. गवंडी कुरकुरला, त्याला झापलं. आईही तेव्हा खूश होत्या.

मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि आई फुगून बसल्या. उंबराच नाही, तर नवरीसाठी तांदळाचं माप ठेवणार कुठे आणि ती ते लवंडून आत येणार कशी? जमिनीवर ठेवू की, काय बिघडतं, असं मी म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. जेवताना मात्र बोलल्या, "एक सून तशीच आली. दुसरी नाय येणार तशी."

ती तशीच आलेली सून मी. आमचं लग्न लॉकडाऊनमधलं. चार माणसं, तोंडाला मास्क. डोळखांबला पोचलो तर पुढचं दार बंद, आणि मागे न्हाणीत कढत पाणी तयार. आंघोळ करून ओल्या केसांनी मी मागच्या दारानेच घरात शिरले. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना हसत सांगायचे. खोटं होतं ते.

ग्रॅनाइटचा उंबरा बसवून देतो, असं गवंडी म्हणाला. पण मग वॉकर अडणार आणि आई कायमच्या आत. ते मला मुळीच नको होतं. लग्न तोंडावर आलं तरी आमचं घोडं तिथेच अडलेलं.

मी शहापूरला शाळेत इंग्रजी शिकवते. त्याच आठवड्यात धड्यात 'थ्रेशोल्ड' शब्द आला. उंबरा, एवढं सांगून मोकळी झाले असते, पण डोक्यात दुसरं होतं काय? शब्दकोश घेऊनच बसले. शब्द फार जुना. त्याच्या पहिल्या भागाचं नातं पायाने तुडवण्याशी, धान्य मळण्याशी. पुढच्या भागाचा पत्ता भल्याभल्या पंडितांनाही नीट लागलेला नाही. घरातला पेंढा बाहेर जाऊ नये म्हणून दारात लाकूड ठेवत, त्यावरून हा शब्द आला, असं लोक रंगवून सांगतात. ती शुद्ध थाप.

संध्याकाळी आई बिरड्याचे वाल सोलत होत्या. अबोला मोडायला काहीतरी हवं, म्हणून हे सगळं त्यांना ऐकवलं. आपण भाड्याने आणतो त्या थ्रेशरच्या नावातही तोच शब्द आहे, असंही सांगितलं. त्यांचे हात थांबले. म्हणजे साहेबसुद्धा दारात भात मळायचा की काय, असं त्यांनी विचारलं. भात नाही, गहू असेल, मी म्हटलं. ते त्यांनी कानाआड केलं आणि मला गोठ्यात पिटाळलं, फळी आणायला.

थ्रेशर यायच्या आधी आमच्याकडे त्या फळीवर भात झोडायचे. सागाची, जाडजूड, पेंढ्या आपटून आपटून मधोमध खोलगट झालेली. आता तिच्यावर कोंबड्या बसत. मी घासत होते आणि आई खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या.

लग्नाच्या दिवशी फळी दारात आडवी टाकली. हळदकुंकू लावलं. खोलगट जागेत माप असं बसलं, जणू त्यासाठीच ती केली होती. नवरीने उजव्या पायाने माप लवंडलं, तांदूळ आत सांडले आणि सगळे टाळ्या वाजवून जेवणाकडे वळले.

मी फळी उचलायला वाकले, तर आईंनी वॉकर आडवा घातला. कोणाकडून तरी त्यांनी माप पुन्हा भरून घेतलं होतं.

"ओटीवर जा गो. आता तू."

आता पोर झालंय मला, असं काहीतरी म्हणाले.

"मंग त्यालापण घे."

पोराला कडेवर घेतलं आणि असा पाय मारला की तांदूळ पार स्वयंपाकघरापर्यंत गेले. आई हसत होत्या, मी रडत होते, आणि पोरगं टाळ्या वाजवत होतं. मग फळी मी बाजूला केली. आईंना ओटीवर जायचं होतं.