दाराबाहेरचा खोकला

मीटरकाकांची सगळी नोकरी लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचण्यात गेली. त्या काळी मीटर नेमके आतल्या खोलीत असत, जिथे परक्या पुरुषाने पाऊल टाकू नये अशा जागी. म्हणून काकांनी एक खोकला कमावला होता. दाराबाहेर थांबायचे, एकदाच बेताने खाकरायचे, आतल्या माणसांना सावरून बसायला वेळ द्यायचा, मग आत जाऊन नजर थेट मीटरवर. उभ्या नोकरीत त्यांच्याबद्दल एकही तक्रार आली नाही. मीटरबद्दल पुष्कळ आल्या.

पुढे मीटर जिन्याखाली गेले आणि माणसे कुठेही थेट घुसू लागली. काकांचा मुलगा फोनवर बोलत बोलत बापाच्या खोलीत शिरतो, बोलणे संपले की निघून जातो. आपण आलो होतो हे त्याच्या गावीही नसते. सून दार ढकलता ढकलताच "बाबा, चहा" म्हणते. काकांची त्याला हरकत नव्हती. ते आपले स्वतःपुरते खाकरत.

मग नात झाली. सून बाळाला घेऊन मधल्या खोलीत असे, दार सताड उघडे टाकून. काका घटकेघटकेला नातीला बघायला निघत आणि दाराशी येऊन रीतीप्रमाणे खाकरत.

"बाबा, रागावू नका हं," सून एक दिवस म्हणाली, "पण हा खोकला जाईपर्यंत बाळाला घेऊ नका."

काकांची इकडे आड, तिकडे विहीर अशी गत झाली. न खाकरता लेकुरवाळीच्या खोलीत शिरायचे, तर जन्मभराची रीत जाते. खाकरायचे, तर नात जाते. आणि खरे कारण सांगायचे, तर तुम्ही बाळाला पाजत असाल असे माझ्या मनात येते, हे सुनेच्या तोंडावर म्हणायचे. सुनेलाही अहोजाहो करणारा माणूस तो. त्यापेक्षा क्षय झालेला परवडला.

तेव्हा ते मुकाट्याने औषध घेऊ लागले. खाकरण्याऐवजी किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहिला. बाळ दचकून उठले आणि जुडगा जप्त झाला. आता दुरून नातीचा एक पाय आणि त्यावरचा पायमोजा दिसे. कधी नुसताच पायमोजा. काकांना फार वाईट वाटे. मग ते औषधाचे आणखी एक झाकण घेत.

बाटली संपली तशी सून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासणीच्या खोलीच्या दाराशी काका खाकरले.

"ऐकलंत ना?" सून आत जाता जाता म्हणाली. "दिवसभर हे असंच."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली. "छाती तर स्वच्छ आहे. जरा खोकून दाखवा बघू."

"आता कशाला?" काका म्हणाले. "आत तर आलोच आहे."

डॉक्टरीणबाईंना वाटले, म्हाताऱ्याला ऐकू कमी येते. त्यांनी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. सुनेने मात्र घरी येताना एकदा काकांकडे टक लावून पाहिले आणि एकदम मान फिरवली. बिंग फुटले, काकांनी ओळखले. आता नातीचा पायमोजासुद्धा दिसायचा नाही, असे ते धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बनियनवर आडवे झाले होते. दार नुसते लोटलेले. बाहेर कोणीतरी खाकरले. एकदाच, बेताने. मग सगळे शांत.

काका उठले. सदरा चढवला, केसांवरून हात फिरवला, गुंड्या लावायला घेतल्या. बाहेरचे माणूस थांबून होते. आजवर कोणी त्यांच्यासाठी असे दाराबाहेर थांबले नव्हते, आणि शेवटची गुंडी काही केल्या काजात जाईना.

"या," ते म्हणाले.

दारात सून उभी होती. हातांत नात, दोन्ही पायमोज्यांसकट.

काकांनी डॉक्टरासारखा चेहरा केला.

"सूनबाई, तुम्हाला खोकला झालाय," ते म्हणाले. "खोकणाऱ्या माणसानं बाळाला घेऊ नये. आणा इकडे."