बाबांच्या डोक्यावरचं आवाळू

अमेरिकेत कुणाच्या तरी डोक्यावरची गाठ कापली जाते आणि तिचं बारसं मी दिवेआगरात बसून करते. माझ्या नोकरीचं याहून सोपं वर्णन मला जमलेलं नाही. तिकडचा डॉक्टर काय कापलं ते लिहितो, मी वाचून त्याला कोड लावते, मग विमा कंपनी पैसे देते किंवा नाक मुरडते. आधी हे मी नवी मुंबईतल्या ऑफिसात करायचे, आता पडवीच्या कोपऱ्यात, इन्व्हर्टरच्या भरवशावर करते. गावात मात्र पसरलंय की मी कॉम्प्युटरवरची डॉक्टर आहे. लोक बाजाराला जाता जाता आत शिरतात आणि मला पाठीवरची चामखीळ दाखवून जातात.

या कोडांची अक्कल बघा. नाक, कान, ओठ, पापण्या यांचा एक खण. दुसऱ्या खणात डोकं, मान, हात, पाय आणि ज्याचं नाव आईसमोर घेता येत नाही तो भाग. म्हणजे विम्याच्या लेखी माणसाचं डोकं आणि त्याचं ते, दोन्ही एकाच मापाचं. काही पुरुषांच्या बाबतीत मला हे पटतं.

नियम तसे सरळ आहेत. गाठ कापण्याआधी मोजायची, कारण कापलेलं मांस आकसतं. नुसती गाठ धरायची नाही, तिच्या भोवतीचं जे चांगलं मांस सोबत काढावं लागतं तेही मापात घ्यायचं. आणि गाठ साधी की वाईट, हे लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय ठरवायचं नाही. तोवर केस लटकत ठेवायची. मी अशा कितीतरी केसेस चहा पीत पीत लटकवल्या आहेत.

माझ्या बाबांच्या डोक्यावर, उजव्या कानाच्या वर, आवाळू होतं. मला आठवतं तेव्हापासून होतं, आणि ते नशिबाचं आहे यावर गावाचं एकमत होतं. एरवी आमच्या गावाचं कशावरही एकमत होत नाही. सुपारी उतरवायला येणारा गडी आधी बाबांच्या आवाळवाला हात लावायचा, मग झाडाला. बोर्लीच्या बाजारात माल घेऊन निघालेले शेजारी टेम्पो थांबवून खाली उतरायचे. बाबा देवळातल्या नंदीसारखे मान खाली करून उभे राहायचे. हात लावायची नाही ती फक्त आई. "म्या माणसाशी लगीन लावलंय, टेंगळाशी न्हाय," म्हणायची.

वादळात आमची वाडी आडवी झाली. माड गेले, पोफळी गेल्या, घराचे पत्रे कुणाच्या वाडीत पडले ते शोधायला दोन वाड्या ओलांडाव्या लागल्या. आईने सगळीकडे नजर फिरवली, मग बाबांच्या डोक्याकडे बघितलं. "येक नारळ तेवढा ऱ्हायला," ती म्हणाली. बाबा हसले नाहीत, त्यांनी ते मनावर घेतलं. आपण तिघं जिवंत राहिलो ते या आवाळवाच्या पुण्याईने, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढे नवी रोपं लावताना प्रत्येक रोपाआधी त्यांचा हात डोक्याकडे जायचा.

मग ते आवाळू बदलायला लागलं. वाढलं, वरची कातडी फुटली, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसू लागले. आई अभ्रे धुवायची आणि काही बोलायची नाही. आई बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे आमच्या घरात कुत्र्यालाही कळतं. मला तर शब्दसुद्धा पाठ होते. झपाट्याने वाढलेली, वर जखम असलेली, हात लावताच रक्त येणारी. असल्या ओळी मी रोज अमेरिकन म्हाताऱ्यांबद्दल वाचत होते, आणि पान खाली सरकवलं की निकाल समोर असायचा. बाबांच्या बाबतीत सरकवायला खाली काही नव्हतं.

बाबा ऐकेनात. "आपलंच नशीब आपल्या हातानं कापून टाकू?"

"तुमच्या नशिबातून रक्त येतंय, बाबा."

त्याचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो गड्याचा. एके दिवशी त्याने रिवाजाप्रमाणे आवाळवाला हात लावला, आणि मग झाडाकडे न जाता नळावर जाऊन हात धुतला. बाबांनी ते पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाले, "चल, दाव तुझ्या डागदरला."

माणगावचा डॉक्टर आमच्याच बाजूचा होता. त्याने विचारलं, "आधी केवढं होतं?"

"सुपारीयेवढं," बाबा म्हणाले.

"सोललेली का सालासकट?"

"सोललेली. आता सालासकट झालंय."

डॉक्टरने मान डोलावली आणि कापण्याआधी पट्टी लावून मोजलं. इतका नियमाला धरून वागणारा डॉक्टर मी कागदावरदेखील क्वचितच पाहिला होता. भोवतीचं थोडं चांगलंही काढावं लागेल, असं त्याने आईला सांगितलं. काम झाल्यावर आवाळू औषधाच्या पाण्यात घालून बाटली माझ्या हातात दिली. आपल्याकडे रुग्णाच्या माणसांनीच ती लॅबमध्ये पोचवायची असते. लॅब त्या दिवशी बंद होती, म्हणून बाबा आणि त्यांचं आवाळू प्रथमच वेगवेगळे होऊन एकाच गाडीने घरी आले.

"ते आत न्हाय आणायचं," आईने दारातच सांगितलं. मी बाटली पिशवीत घालून पडवीतल्या खुंटीला टांगली.

सकाळी पिशवी जागेवर नव्हती. मी वाडीत धावले. डोक्याला पट्टी बांधलेले बाबा हातात पहार घेऊन नव्या रोपांच्या रांगेत उभे होते. पुढ्यात खणलेला खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर बाटली.

"तिकडं कचऱ्यात टाकतील, बाय," ते म्हणाले. "वाडीचं हाय. वाडीत ऱ्हाऊ दे."

"ते पुरलं तर कळणार कसं, बाबा? वाईट आहे का, डोक्यात आणखी राहिलंय का?"

"न्हाय कळलं म्हणून काय झालं?"

माझ्याजवळ समजुतीचे बरेच मुद्दे तयार होते. त्यातला एकही तोंडातून आला नाही. "खड्ड्यात गेलं तुमचं नशीब!" मी ओरडले. "मला तुम्ही हवे आहात!"

"मग मी तरी कुठं घालतोय त्याला?" बाबा म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांनी बाटलीकडे पाठ केली. त्यांना ते पुरायचं होतंच, पण त्याहून जास्त त्यांना निकाल ऐकायचा नव्हता. मला तरी कुठे ऐकायचा होता?

तेवढ्यात मागून आई आली. बाहेर जायचं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले. ती वाकली, बाटली उचलली, पदराने तिची माती पुसली आणि बाजाराच्या पिशवीत ठेवली. "गाडी चुकंल," एवढंच म्हणून ती रस्त्याला लागली. मी चप्पल शोधत मागे पळाले. माणगावपर्यंत ती बाटली मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईने चौकशी केलीच, बाटलीत काय आहे म्हणून.

"लोणचं," आई म्हणाली.

"कसलं?"

"जुनं हाय."

आमच्या कोडांत 'वर्तन अनिश्चित' असा गाठींचा एक वर्ग आहे. लॅबवाल्याने तपासूनही त्याला ठरवता आलं नाही तर तो वापरतात. आमच्या निम्म्या नातेवाइकांना हाच कोड लागेल, असं मी नेहमी म्हणायचे. रिपोर्टची वाट पाहताना तो विनोद मला एकदाही सुचला नाही. वाडीतला खड्डा तसाच होता, कारण खणलेला खड्डा आमच्याकडे रिकामा बुजवत नाहीत. बाबा त्याला वळसा घालून जायचे.

रिपोर्ट आला. गाठ वाईट होती. पण कडा स्वच्छ होत्या, भोवतीच्या चांगल्या मांसात काहीही सापडलं नव्हतं. सगळं निघालंय, मधूनमधून दाखवत राहा, असं डॉक्टर फोनवर म्हणाला. मी लॅबच्या पायरीवर बसून लोकांसमोर भोकाड पसरलं.

बाबांनी त्या खड्ड्यात पोफळीचं रोप लावलं. लावताना हात सवयीने डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. आई भाकऱ्या टाकून परसात आली होती, ती हे बघत होती.

"आता त्या डोक्यावर नशीब-बिशीब काय न्हाय ना?" तिने विचारलं.

"न्हाय."

"नक्की?"

"कापून टाकलं न्हवं?"

आई पुढे आली आणि पिठाच्याच हाताने तिने टाक्यांच्या खुणेवर तळवा ठेवला. बाबा मान खाली करून उभे राहिले. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिने हात काढला नाही.