परत न गेलेली कोंबडी

पैशाच्या बाबतीत मी काटेकोर माणूस. पगार झाला की आधी दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, चर्चसाठी पाकिटात घालून बाजूला काढायचा, मग किराणा. आपल्याजवळ जे आहे ते देवाचं, आपल्याला फक्त सांभाळायला दिलेलं, हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्यात न समजण्यासारखं काही असेल असं कधी वाटलंच नाही.

बायकोची केदारखेड्याजवळच्या झेडपी शाळेवर बदली झाली, तेव्हा आम्ही तिकडेच खोली घेतली. मी तिथून मोटरसायकलवर जालना एमआयडीसीत, बियाण्यांच्या कारखान्यात जायचो. जवळच्या वस्तीवर एक लहानसं चर्च होतं, आम्ही ख्रिस्ती लोक त्याला देऊळच म्हणतो. पहिल्याच वर्षी तिथे हंगामाचा सण आला. या दिवशी घराघरातून पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात. मक्याची कणसं, भोपळे, सोयाबीनचं पोतं, कुणाचं एखादं अंडंसुद्धा. उपासना संपली की अंगणात सगळ्याचा लिलाव होतो आणि आलेला पैसा देवळाच्या कामाला जातो. एक साधा भोपळा पाचशेला गेला आणि घेणारा हसत हसत तो खांद्यावर टाकून निघाला. मला हे फार आवडलं. ही मंडळी माझ्यासारखीच, असं वाटलं.

मग एका म्हाताऱ्या मावशींची कोंबडी पुढे आली. मावशी एकट्याच राहायच्या. एक निवृत्त गुरुजी बोली बोलले आणि बाकी सगळे गप्प. माझं डोकंच फिरलं. बाईनं एवढ्या मनानं आणलंय आणि हे हाताची घडी घालून बसलेत. मी बोली वाढवली. गुरुजींनी वाढवली, मी आणखी वाढवली. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले. मी कोंबडी हँडलला टांगून निघालो तेव्हा अंगणात कुणी चकार शब्द काढला नाही. माझी दानत बघून गार झाले, असं समजून मी छाती फुगवून घरी आलो. संध्याकाळी रस्सा झाला.

तिसऱ्या दिवशी बायको शाळेतून आली ती पिशवी आपटतच. तिच्या सोबतच्या बाईंनी तिला सगळं सांगितलं होतं. ती कोंबडी गुरुजी दरवर्षी घ्यायचे आणि संध्याकाळच्या आत मावशींच्या दारात नेऊन सोडायचे. म्हणून तिच्यावर दुसरं कुणी बोली लावत नसे. मावशींचं तेलमीठ त्या कोंबडीच्या अंड्यांवर चालायचं. "तुम्ही त्यांची कोंबडी खाल्ली," बायको म्हणाली. खाताना तीही माझ्या शेजारीच बसली होती, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. मला शरम वाटली आणि रागही आला. एवढं सगळ्यांना ठाऊक, तर एकानं माझा सदरा ओढायला काय हरकत होती?

रविवारी दुपारी, लवकरच अंड्यांवर येतील अशा दोन कोंबड्या घेऊन मी मावशींच्या पत्र्याच्या खोलीवर गेलो. उंबऱ्यातच सांगून टाकलं की चूक झाली, मला माहीत नव्हतं. मावशींनी बसायला पोतं टाकलं.

"कसली चूक? दरसाली मी कोंबडी देते अन् दरसाली ती माझ्याच दारात वापस. गुरुजी लई भले हायेत. पण माझं देणं कवाच पोचलं न्हाई. औंदा पयल्यांदा पोचलं."

माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. म्हणजे मी भलंच केलं होतं. तेवढ्यात शेजारची बाई दोन अंडी मागायला आली. मावशींनी तिला, आता न्हाईत, एवढंच सांगितलं. ती गेल्यावर त्यांनी तेलाची बाटली पालथी करून शेवटचे थेंब दिव्याच्या वाटीत गाळले. मी पुन्हा होतो तिथेच आलो. पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या त्यांच्याकडे सरकवल्या आणि म्हणालो, या तरी ठेवा.

"ठेवल्या तर माझं दिलेलं वापस आलंच की न्हाई? बराबर हाय का ते, तूच सांग बाबा."

कोंबड्या ठेवाव्यात तर मावशींचं उभ्या जन्मात पोचलेलं एकुलतं एक देणं मीच पुसून टाकणार. उचलून न्याव्यात तर बाई तेलावाचून बसणार. दहावा हिस्सा काढायचा कसा ते मला येत होतं, या बाईपुढे काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मी कोंबड्यांच्या पायाची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

मावशींनीच विचारलं, "नरम शिजली व्हती का? लई जुनी व्हती ती."

छान झाली होती, मी म्हणालो. खरं तर कुकरच्या सात शिट्ट्या होऊनही तिला दात लागत नव्हता, आणि अर्धीअधिक आम्ही मागच्या दारी कुत्र्याला टाकली होती. मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला आणि आपलं दान कुणाच्या तरी मुखी लागलं म्हणून देवाचे आभार मानले. प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणायचं असतं, ते मी म्हणालो.