जीप भरेपर्यंतचं इंग्रजी

देविदास,

हे तुझ्याबद्दल लिहिते आहे आणि छापायला देणार आहे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नंतर "बाई, काहून लिवलं?" करत दारात उभा राहशील. वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगाव्या लागतील. सोस.

तर, तू देविदास राठोड. तांड्यावरचा. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचास. आठवीत माझ्या वर्गात होतास, म्हणजे बाकावर होतास. लक्ष खिडकीबाहेर उभ्या असलेल्या कुठल्या ना कुठल्या गाडीत. घरी गोरमाटी, म्हणजे तुमची बंजारा बोली, बोलायचास, स्टँडवर मराठी, टायरवाल्याशी हिंदी. आणि गेल्या उन्हाळ्यात एकदम म्हणालास, "बाई, मला इंग्रजी पायजे."

"आठवीत काय करत होतास?"

"तवा गरज न्हवती."

गरज आता पडली होती. घरोघरी मोटारसायकली आल्या, जीप भरायला अर्धी सकाळ जायला लागली. तेवढ्यात सेनगाव रस्त्यावर इंग्रजी शाळा निघाली. ती चालवणाऱ्या नीलांबरी मॅडम पुण्याच्या. त्यांना गोरेगावची मुलं आणायला गाडी हवी होती. अट एकच: पालकांच्या ग्रुपवर सगळं बोलणं इंग्रजीत, ड्रायव्हरचंसुद्धा. महिनाभर बघू, जमलं तर वर्षभराचं काम पक्कं. नाही जमलं तर जीप विकून कनेरगाव नाक्यावर मेहुण्याच्या ढाब्यावर गल्ल्याशी बसायचं. "मेव्हन्याचं ऐकून घेण्यापरीस इंग्रजी बरं," हे तुझं वाक्य.

शिकवणी तुझ्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर. मला बँकेसाठी, डोळ्यांसाठी सेनगावला जावंच लागतं, आणि जीप भरेपर्यंत तुला मला दोघांनाही उद्योग नसतो.

पहिल्याच दिवशी तुला 'सेट ऑफ' दिलं. निघणे. तू म्हणालास, "सेट म्हंजे बसवनं, ऑफ म्हंजे बंद. बसवून बंद केलं तर गाडी निघंल कशी?" मी म्हटलं, असंच असतं, पाठ कर. दोन शब्द शेजारी बसले की इंग्रजीत त्यांचं तिसरंच काही होतं. पाठ केलंस. दुसऱ्या दिवशी मला ऐकवलंस: "आय सेट ऑफ फॉर वन अवर."

"चूक."

"काहून? होल्ड ऑन फॉर वन अवर चालतंय म्हनला तुमी. थांबनं तासभर, तर निघनं काहून न्हाई तासभर?"

मला राग आला. इतकी वर्षं शिकवलं, पण हे कोणी विचारलंच नव्हतं. व्याकरणाच्या पुस्तकांत अर्थ असतात, वेळेशी कोणाचं जमतं आणि कोणाचं नाही ते कोपऱ्यात कुठंतरी. घरी येऊन मी ती सगळी जोडक्रियापदं काढून बसले. खरं सांगते, निवृत्तीनंतर इतकी मजा कशात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुझ्या जीपवरच लावून बघितलं. निघणं क्षणाचं, म्हणून 'सेट ऑफ अॅट सेव्हन'. जीप भरणं वेळ खातं पण शेवटी संपतं, म्हणून 'फिल अप इन हाफ अॅन अवर'. आणि रेंगाळणं, 'हँग अराउंड', त्याला शेवटच नाही, म्हणून 'फॉर अॅन अवर', 'ऑल डे', काय हवं ते.

"हँग म्हंजे लटकनं ना? झाडाला?"

"तू लटकतोस का स्टँडवर?"

"दिसभर," म्हणालास. मागच्या सीटवरची रुक्माबाई हसली. तिला इंग्रजी कळलं नव्हतं, लटकणं कळलं होतं.

गाडी बंद पडणं, 'ब्रेक डाउन', त्यावर आपलं भांडणच झालं. तुझं म्हणणं, मागच्या मंगळवारी जीप तासभर बंद पडली होती, म्हणून 'फॉर अॅन अवर'. मी म्हटलं, बाबा रे, पडली एका झटक्यात, पडून राहिली तासभर. इंग्रजाला पडणं वेगळं, पडून राहणं वेगळं. तू स्टेअरिंगवर बोटं वाजवत विचार केलास आणि म्हणालास, "मग आमचं ते 'निघून राहिलो' कशात बसतं?"

हे मात्र मला आवडलं. आपल्याकडे फोनवर विचारलं, निघालास का, तर उत्तर येतं, 'निघून राहिलो'. आणि माणूस अर्धा तास निघतच असतो! आपण निघण्यालासुद्धा लांबी दिली आहे. इंग्रजी क्रियापदाला ती सोय मुद्दाम करून द्यावी लागते. मी तुला तसं सांगितलं, तर तू बाहेर तोंड काढून ओरडलास, "रुक्माबाई, आपली भाषा मोठी हाय इंग्रजीपरीस!"

"मंग निंघ की आता," रुक्माबाई म्हणाली.

पण निघता येत नव्हतं. मधल्या सीटवर कोणाची तरी पिशवी होती. परगावच्या वाचकांसाठी हे सांगायला हवं. आमच्याकडे सीटवर पिशवी ठेवली की ती जागा माणसाची झाली. पिशवी ठेवून माणूस खताच्या दुकानात जातो, दाढी करून येतो, सोयऱ्याकडे चहा घेतो. पिशवीचा धनी आल्याशिवाय जीप हलत नाही. ज्यानं हलवली त्याच्या जीपमध्ये उद्या कोण बसेल? तुझा आजा सांगायचा म्हणे, बैलांवर माल लादून तांडे चालायचे तेव्हा एक बैल मागं राहिला तरी तांडा थांबायचा. मी त्या दिवशी पिशवी उचलून खाली ठेवायला निघाले, तर तू माझा हात धरलास. वर्गातला पोरगा, माझा हात धरतो! पण मी पिशवी सोडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तीन आठवडे तुझं सुरळीत चाललं. सकाळी ग्रुपवर तुझा आवाज: "गुड मॉर्निंग, वुई सेट ऑफ अॅट सेव्हन थर्टी." मी त्या ग्रुपवर नव्हते. तू मला जीपमध्ये ऐकवायचास, आणि ऐकवताना माझ्याकडे न बघता समोर बघायचास.

मग तो गुरुवार. उत्तमराव पोस्टमास्तरांची नात अनुश्री, तिला खिडकीची जागा लागते. तिच्या आईनं सवयीप्रमाणं आधीच येऊन खिडकीशी दप्तर ठेवलं आणि पोरीला आणायला घरी गेली. घरी पोरगी ओकली. आई तिला घेऊन डॉक्टरकडे पळाली, दप्तराची आठवण कोणाला राहणार! फोनही घरात राहिला. इकडे बाकीची मुलं बसलेली, आणि खिडकीशी दप्तर. तू चहावाल्याला त्यांच्या घरी पाठवलंस. त्यानं येऊन सांगितलं, कुलूप आहे, शेजारीण म्हणते येतीलच आत्ता.

येतीलच आत्ता. मग झालं. तू थांबलास.

त्या दिवशी शाळेत तपासणीला पाहुणे येणार होते. नीलांबरी मॅडमचा आवाज ग्रुपवर आला: आणखी रेंगाळू नका, ताबडतोब निघा. अर्थात इंग्रजीत. तुला शब्दन् शब्द कळला. आणि तू उत्तर पाठवलंस, ते मी नंतर तुझ्या फोनवर तीनदा ऐकलं: "मॅडम, आय अॅम होल्डिंग ऑन अन्टिल शी टर्न्स अप."

ती येईपर्यंत मी थांबून आहे. एक चूक नाही त्यात. 'होल्ड ऑन' थांबण्याचं, म्हणून पुढं 'अन्टिल'. 'टर्न अप' उगवण्याचं, क्षणाचं, ते 'अन्टिल'च्या पलीकडे नीट बसलेलं. मी शिकवलेल्या कोणत्याच वर्गात इतकं गोळीबंद वाक्य कोणी बोललं नव्हतं. आणि त्याच वाक्यानं तुझं काम गेलं. पोरगी दवाखान्यात असल्याचा निरोप आला तेव्हा कुठं तू निघालास, आणि मुलं पोचली तेव्हा पाहुणे वर्ग बघून ऑफिसात बसले होते. शनिवारी मॅडमनी दुसरी गाडी लावली.

"बाई, इंग्रजी चुकलं का?" तू विचारलंस.

"नाही."

"मग?"

"मग काय! दप्तर उतरवून चहावाल्याकडे ठेवायचं होतं आणि निघायचं होतं. मूर्ख आहेस."

"पोरगी आली असती, अन् जीप न्हाई. रडली असती का न्हाई?"

"ती दवाखान्यात होती!"

"ते मला कुटं म्हाईत होतं?"

तुला मूर्ख मी अजूनही म्हणते, पण अर्धाच. चहावाल्यानं मला सांगितलं, अनुश्रीची आई दुपारी जीपमधलं दप्तर न्यायला आली आणि जाताना तुझ्या चहाचे पैसे देऊन गेली.

मी म्हटलं, चल, आपण दोघं नीलांबरी मॅडमकडे जाऊ. बाई शहाणी दिसते. तिला कोणी सांगितलंच नसेल की इथं सीटवर ठेवलेल्या वस्तूला काय मान असतो. मी इंग्रजीत सांगते, तिच्याच भाषेत. तू नुसता उभा राहा. तुला ते पटलं. "सोमवारी जाऊ," म्हणालास.

सोमवारी तुझ्या याडीला, म्हणजे आईला, मिराबाईला, हिंगोलीला दवाखान्यात न्यायचं निघालं. पुढच्या सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. त्यानंतर तू येऊन म्हणालास, "बाई, आता डोळ्यातले थेंब संपल्यावर," आणि थेंब संपले तेव्हा पोळा होता. मॅडमशी काय बोलायचं ते मी मनात नीट बांधून ठेवलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, कुठं थांबायचं तेसुद्धा.

दसऱ्याला जीप विकल्याचं मला रुक्माबाईकडून कळलं.

ढाब्यावर तू गल्ल्याशी बसतोस म्हणतात. शाळा तिथंच आहे. मॅडमही तिथंच आहेत. आपण अजून गेलेलो नाही.