कराड-विटा रस्ता आणि लंकेतली म्हातारी

बायको गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. पोरं मदुराईत जन्मली, सून तिकडचीच, तमिळ. मी मराठीत रागावलो की सगळे हसतात. म्हणून जानेवारीत ठरवलं, गावाकडं जायचं. काम काहीच नाही, नुसती मराठी कानावर पडू द्यायची.

आमच्या विटा-आटपाडी भागातली माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं. मीही दहावी नापास झाल्यावर दुसऱ्याची भट्टी फुंकायला गेलो आणि स्वतःची मांडून बसलो.

मदुराईहून गाडीनं दोन दिवस लागतात. सेलम, बेंगळुरू करत हुबळीला मुक्काम करा. बायपासवर हजार-बाराशेत बरी खोली मिळते. मात्र एकटे असाल तर थाळी मागवल्यावर वेटर विचारणार, "अजून कोण येणार आहे?" उत्तर तयार ठेवा.

निपाणी ओलांडून कागलजवळ पेट्रोल भरायला थांबलो. मागचा ट्रकवाला ओरडला, "आवं, म्होरं घ्या की गाडी! हितंच लगीन लावताय का काय?" मी काच खाली केली आणि तो आणखी काही बोलतोय का, म्हणून जरा तिथंच थांबलो. बोलला. ते इथं लिहिता येणार नाही.

कोल्हापूर ते कराड रुंदीकरणाची कामं चालू आहेत, वेळ हाताशी ठेवा. कराडला संगमावर सकाळी जा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, दोघी एकदम वळतात आणि एकत्र निघून जातात. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाकडं आलाय?" मी म्हणालो, "असाच." तो हसला, आणि थोड्या वेळानं उठून दुसऱ्या बाकावर गेला. आमच्याकडं असाच कुणी येत नाही.

कराडहून कडेगावमार्गे विटा. रस्ता छान आहे, पण हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात; अंधार पडला की त्यांच्या मागं लागू नका, पुष्कळांना दिवे नसतात. कडेगावच्या अलीकडं चहाला थांबलो. टपरीतल्या टीव्हीवर कुठली तरी लढाई चालली होती. दोन गडी बशीत चहा ओतून बघत होते.

"येवढा मोठा देश, त्या बारक्या देशात कशाला घुसलाय रं?"

"त्याल आसंल."

"आरं, बांधाला बांध तरी लागतोय का त्येंचा?"

"मोठ्याला बांध नसतोय गड्या. जितवर नजर, तितवर श्यात."

मी हसलो. तेवढ्यात दुकानातून फोन: सोनं चढलंय, जुनं मोडायला गर्दी आहे. जगात कुठंही तोफ उडाली की आमची भट्टी जोरात चालते. तोफ का उडते, हे मी कधी विचारलं नव्हतं. भाव विचारायचो.

गावात हणमंताकडं उतरलो. एका वर्गातले आम्ही. मी भट्टीवर गेलो, तो फौजेत. आता पेन्शनवर आहे. वहिनींनी बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि डोळ्यांत पाणी आणणारा खर्डा वाढला. हात धुऊन होतात न होतात तोच हणमंता म्हणाला, "शेट, तुला ते यंडुगुंडू बोलाय येतंय न्हवं? मग एक सांग. उद्या सव्वीस जानेवारी. शाळंत बोलायचंय."

"कशाला इचारताय?" वहिनी म्हणाल्या. "सालाबादची म्हातारी हाय की!"

म्हातारी अशी. हणमंता ऐन तरुणपणी आपल्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला. "गेलो तवा लोकांनी हार घातलं. म्होरं त्येच गाव, पन आमी दिसलो की दारं लागाय लागली." अशाच एका दुपारी एका म्हातारीनं मात्र दार उघडलं, तांब्याभर पाणी दिलं आणि काहीतरी म्हणाली. बरोबरचा जवान म्हणाला, "वंदन म्हनली गड्या, जवानाला वंदन!" तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला हणमंता शाळेत सांगत आलाय, की परक्या देशातल्या माऊलीनं भारतीय जवानाला वंदन केलं.

"हात जोडलं न्हवतं म्हनता," वहिनी भांडी आवरत म्हणाल्या, "मग वंदन कसलं?"

"ह्येच!" हणमंता माझ्याकडं वळला. "तिचं डोळं बी तसलं न्हवतं. मला कवाकवा वाटतंय, शाप दिला. खोटं सांगत आलो आसंन, तर उद्या न्हाई सांगायचा."

"शब्द काय होते?"

त्यानं डोळे मिटले. "एन... वंदनींगळ."

आधी मला अर्थ लागेना. मदुराईत असं बोलत नाहीत. मग दुकान आठवलं. लंकेतून जीव मुठीत घेऊन आलेली तमिळ माणसं आमच्याकडं बांगड्या मोडायला यायची. सोनं वितळेपर्यंत भट्टीकडं बघत बसायची. त्यांच्या बोलण्यात हा 'नींगळ' असायचा.

"हणमंता, 'का आलात?' असं विचारलं तिनं."

"शाप न्हाई?"

"नाही."

"वंदन?"

"तेही नाही. नुसतं विचारलं."

हणमंता म्हणाला, "शाप आसता तर उतारा टाकला आसता. ह्येला काय टाकू?"

मी विचारलं, "का गेला होता रं तुम्ही?"

"सायबानं सांगितलं हुतं की. शेजाऱ्याच्या घरात भांडान, सोडवाय पायजे. न्हाईतर लांबचा कोन तरी यिऊन बसंल. आपलीच मानसं मरत्यात. समदी कारनं खरी हुती गड्या, म्हनून तर घोळ." मग म्हणाला, "मी तिला काय म्हनाय पायजे हुतं? तिच्या भाषेत सांग."

"सोन्नांग, वंदोम. म्हणजे सांगितलं, आलो."

त्यानं दोनदा म्हणून बघितलं. "खरं हाय. पन ही सायबाला द्यायची जबानी झाली. ती म्हातारी हुती."

सकाळी झेंडावंदन झालं. हणमंता मेडल लावून उभा राहिला, हारांचं सांगितलं, बंद दारांचं सांगितलं. "एका म्हातारीनं दार उघडून पानी दिलं," म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या वाजायला जरा उशीर झाला. सगळ्यांना पुढचं पाठ होतं.

परत येताना सांगलीकडून या. भडंग घ्या, बेदाणे तासगावात बघून घ्या. मी दोन्ही घेतलं. घरी भडंग एकट्यानंच खातोय. इथं ते कुणाला आवडत नाही. सहलीतून काय आणलं, असं विचाराल तर एवढंच, आणि एक फोन.

परवा संध्याकाळी तो आला, हणमंताचा. "शेट, घावलं."

"काय?"

"उत्तर. तिला म्हनावं, आमाला वाटलं तुमीच बोलावलंय." मग हळूच म्हणाला, "तुझ्यात ह्येला काय म्हनत्यात?"

"नींग कूप्टींगन्नु नेनचोम."

तो अडखळला. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, मोठ्यानं. स्वयंपाकघरातून सून बाहेर आली आणि हात पुसत दारातच थांबली. सासरे तिच्या भाषेत कुणाला सांगताहेत, की आम्हाला वाटलं तुम्हीच बोलावलंत, हे तिला कळेना. ती तशीच माझ्याकडं बघत राहिली.